ताम्रपटाची सनद आणि तांड्याची सनद

वाशिम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी येथे ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगाऱ्याच्या आकाराची चार मजली इमारत, तेरा दालने, समाजाच्या पुढाऱ्यांच्या तसबिरी आणि चळवळींचा इतिहास असा तो सगळा थाट आहे. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळे पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे श्रद्धास्थान झाले आहे. शतकानुशतके ज्यांची नोंद इतिहासाच्या पानावर सोडाच, समासातही धड झाली नाही, त्यांच्या स्मृतीसाठी सरकारी तिजोरीतून खर्च होत असेल तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. या खर्चाचे स्वागतच केले पाहिजे.

पण स्वागत करून झाल्यावर एक प्रश्न उरतोच. बंजाऱ्यांचा वारसा इमारतीत कधीच नव्हता. तो लेंगीत होता, ढावलोत होता, ढाडीने म्हटलेल्या वंशावळीत आणि नसाबात बसलेल्या वृद्धांच्या निवाड्यांत होता. थोडक्यात, तो माणसांच्या कंठात होता. कंठात असलेला वारसा टिकवायचा तर आधी ती माणसे टिकावी लागतात, त्यांना गाण्याची उसंत आणि पोटापुरते अन्न मिळावे लागते. नंगाऱ्याची इमारत उभी राहिली. नंगारा वाजवणाऱ्याचे काय, याचा हिशेब मात्र कोणत्याच अंदाजपत्रकात सापडत नाही.

हा प्रश्न केवळ संस्कृतिप्रेमी मंडळींचा आहे असे समजून कार्यकर्त्यांनी तो बाजूला सारू नये. इतिहासात कोणाचा कागद पुरावा म्हणून ग्राह्य धरला जातो आणि कोणाचा शब्द दंतकथा म्हणून झटकला जातो, हा मुळात सत्तेचा आणि मालमत्तेचा प्रश्न आहे. वाशिमच्या भूमीत तो जितक्या स्पष्टपणे दिसतो तितका फार थोड्या ठिकाणी दिसेल.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी. परंतु गेल्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांपर्यंत या शाखेचे स्वतंत्र अस्तित्वच अभ्यासकांना उमगले नव्हते. अजिंठ्याच्या सोळा क्रमांकाच्या लेण्यात हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव याने कोरवलेला शिलालेख आहे. त्यातील झिजलेल्या अक्षरांचे जुन्या विद्वानांनी केलेले वाचन चुकले, आणि सर्वसेन या संस्थापकाचे नावच नाहीसे झाले. १९३९ साली वाशिमला विंध्यशक्ती द्वितीय याचा ताम्रपट उजेडात आला. त्यातील वंशावळ अजिंठ्याच्या लेखाशी ताडून पाहता महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी जुने वाचन दुरुस्त केले आणि एक अख्खे राजघराणे इतिहासात परतले. जवळच हिस्से बोराळा येथे देवसेनाच्या काळातला शिलालेख मिळाला. सुदर्शन नावाच्या जलाशयाच्या बांधकामाची ही नोंद शके ३८० ची, म्हणजे इसवी सन ४५७-५८ ची आहे. एका पत्र्याने आणि एका दगडाने केवढे काम केले, ते यावरून दिसते.

राजांचीही गोष्ट कागदावर अवलंबून असते, हे याच वत्सगुल्माने शिकवले आहे. सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. आनंदवर्धनासारख्या काश्मिरी साहित्यशास्त्रज्ञाला त्याची दखल घ्यावीशी वाटली. आज ते काव्य उपलब्ध नाही. इतरांच्या ग्रंथांत उतरलेल्या अवतरणांवरूनच त्याची ओळख उरली आहे. ज्याच्या पदरी लेखनिक होते त्या राजाचे काव्य नकला होणे थांबल्यावर नष्ट झाले. मग ज्यांच्या पदरी कोणीच नव्हते, त्यांच्या रचना केवळ पिढीने पिढीला शिकवल्या म्हणून आजवर जगल्या, हे आश्चर्य किती मोठे!

आता त्या ताम्रपटात काय आहे ते पाहिले पाहिजे. सुरुवातीला संस्कृतात राजवंशाची थोरवी आहे. पुढचा व्यवहाराचा भाग प्राकृतात आहे. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी, आजच्या नांदेडच्या परिसरातले एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दान दिल्याचा हा दस्तऐवज. दान म्हणजे नेमके काय, तर सवलतींची यादी. सैनिकांनी गावात शिरू नये, मिठासाठी खणू नये, फुले आणि दूध उकळू नये, गाई-बैल मागू नयेत, वेठ घेऊ नये. इतिहासाच्या क्रमिक पुस्तकात हा ‘राजाचा दानधर्म’ ठरतो. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर ही यादी म्हणजे त्या काळच्या शोषणाचा लेखी कबुलीजबाब आहे. ज्या गावांना ताम्रपट मिळाला नाही, तिथे शिपाई शिरत होते, वेठ घेतली जात होती, दूध आणि बैल नेले जात होते, हाच त्याचा अर्थ. सवलतीची नोंद झाली. वेठ भरणाऱ्याची झाली नाही.

बंजाऱ्यांच्या मौखिक परंपरेतही एक ताम्रपट आहे. ती कथा अशी : सतराव्या शतकात मोगल फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा भंगी आणि जंगी या नायकांचे एक लाख ऐंशी हजार बैल आणि भगवानदास वडत्याचे बावन्न हजार बैल रसद वाहत होते. चाऱ्यापाण्यावरून तंटे होऊ लागले, तेव्हा वजीर आसफ खानाने भंगी-जंगींना तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत सनद दिली. घरावरचे गवत आणि रांजणातले पाणी घेण्याची मुभा, दिवसाला तीन खुनांची माफी, आणि जिथे सरदाराचे घोडे चरतील तिथे तांड्याचे बैल चरतील अशी हमी, असा त्या सनदेचा आशय सांगितला जातो.

हा पत्रा खरोखर होता की नव्हता, यावर विद्वानांनी वाद घालावा. बैलांचे आकडे फुगवलेले असतील. तीन खुनांची माफी ही कथेची ऐट असेल. पण वाकाटकांच्या प्रशस्तीत तरी वेगळे काय असते? पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले हे त्याच्या वंशजांनीच कोरवून ठेवले, आणि इतिहासकार ते छाननी करून का होईना, पण वापरतात. राजाच्या आत्मस्तुतीला जी चिकित्सक वागणूक मिळते तीच तांड्याच्या स्मृतीला मिळावी, एवढीच मागणी आहे. न तपासता माथी मारणे आणि न तपासता फेकून देणे, दोन्ही सारखेच अशास्त्रीय.

आणि तपासणी केली तर या कथेचा गाभा विलक्षण भक्कम निघतो. १६३२ साली पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्याला आग्रा-पाटणा मार्गावर धान्याने लादलेल्या चौदा हजार बैलांचा तांडा भेटल्याची त्याची नोंद आहे. रस्ते नाहीत, गाड्या चालत नाहीत अशा मुलखात धान्य, मीठ, कापूस दूरवर नेण्याचे काम बैलांच्या पाठींवरच होत असे. बैल वाटेत चरतो म्हणून ही वाहतूक स्वस्त. अर्थात गवत आणि पाणी हेच तांड्याचे खरे भांडवल. म्हणून त्यांच्या स्मृतीतली सनद सोन्याची, जमिनीची किंवा पदवीची नाही, ती गवताची आणि पाण्याची आहे. ज्याने ही कथा रचली त्याला आपल्या धंद्याचे अर्थकारण पुरते ठाऊक होते. ताम्रपटातल्या सवलतींच्या यादीशी तिचे जुळणारे रूप पाहिले म्हणजे ती दंतकथा न वाटता एका श्रमिक समूहाच्या हक्कांची मौखिक नोंदवही वाटू लागते.

ही सनद फाडली कोणी? १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. १८६७ साली भुसावळ-नागपूर रेल्वे अकोल्यावरून धावू लागली आणि कापूस बैलाच्या पाठीवरून आगगाडीच्या डब्यात गेला. १८७८ च्या वन कायद्याने गवताला कुंपण घातले. धंदा गेला, कुरण गेले, आणि फिरत राहणे हाच संशयाचा विषय झाला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची सावली देशभरच्या भटक्या समूहांवर पडली, त्यात बंजाऱ्यांचे काही गटही सापडले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. ‘विमुक्त’ हा शब्द त्यातून आला. पण कायद्याने मुक्त केलेल्या माणसाला ठाण्यावरच्या हवालदाराने आणि गावच्या पाटलाने किती मुक्त मानले, ते तांड्यावर फिरलेल्या कोणत्याही कार्यकर्त्याला सांगण्याची गरज नाही.

या काळात बंजाऱ्यांची माहिती कोणी लिहून ठेवली, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या सुप्रसिद्ध ग्रंथातील बंजारा प्रकरणाचा मुख्य आधार कंबरलेज या अधिकाऱ्याचे टिपण हा आहे. कंबरलेज वऱ्हाडच्या पोलीस खात्यातला. आसफ खानाच्या सनदेची कथाही अभ्यासकांपर्यंत आली ती याच वाटेने. म्हणजे ज्या यंत्रणेचे काम तांड्यावर नजर ठेवण्याचे होते, तिच्याच दप्तरात तांड्याची स्मृती सुरक्षित राहिली. कंबरलेजचे कष्ट नाकारण्याचे कारण नाही. पण चौकीत दिलेली जबानी आणि होळीच्या रात्री म्हटलेले गाणे यांत अंतर असते, एवढे तर मान्य व्हावे.

त्या गाण्यांकडे आता वळू. होळीला स्त्री-पुरुष फेर धरून लेंगी म्हणतात. नंगारा, डफ आणि काशाची थाळी यांचा ठेका असतो. पूर्वजांची नावे, प्रवासाच्या खुणा, थट्टा आणि नायकाला मारलेला टोमणाही तिच्यात येतो. ढावलो हे सासरी निघालेल्या मुलीचे रुदनगीत. वडीलधाऱ्या बाया ते मुलीला शिकवतात आणि मुलगी आई, बाप, भाऊ, तांडा यांचा एकेकाचा निरोप घेत ते म्हणते. स्त्रियांना ज्या समाजात पंचायतीत बोलण्याची मुभा नव्हती, तिथे तक्रार मांडण्याची हीच एक मान्य जागा होती. ढाडी घराण्यांच्या वंशावळी म्हणतो. कोणते गोत्र कोणाचे, कोणाशी सोयरीक चालते, हे तो सांगतो. भूमिअभिलेख कार्यालयात शेताचे जे स्थान, तेच भटक्या समाजात वंशावळीचे. ज्याला जमीनच नाही, त्याच्या हक्काची नोंद नात्यातच राहणार.

हा सगळा व्यवहार आज कशाने मोडत आहे? सिनेमाने, मोबाईलने, नव्या पिढीच्या उदासीनतेने, असे उत्तर देण्याची रीत आहे. ते उत्तर सोयीचे आहे, कारण त्यात कोणालाच काही करावे लागत नाही. मराठवाडा आणि पश्चिम विदर्भातल्या तांड्यांतून माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला, वीटभट्टीला आणि शहरांतल्या बांधकामांवर जातात. साखर कारखान्यांचा हंगाम शिमग्याच्या आसपासपर्यंत चालतो. म्हणजे लेंगीचा जो काळ, तोच कोयत्याच्या उचलीचे पैसे फेडण्याचा काळ. तांड्यावर त्या दिवसांत म्हातारी माणसे आणि कुलुपे उरतात. ज्या मुलीने आजीकडून ढावलो शिकायचा, ती आईबापांबरोबर उसाच्या फडात मोळ्या बांधते. तिची शाळाही बुडते आणि गाणेही बुडते. मौखिक परंपरा मरते ती विस्मरणाने कमी आणि स्थलांतराने अधिक. मजुरीचा दर, मुकादमाची उचल आणि वसतिगृहाची सोय हे लोकसंगीताच्या रक्षणाचेच प्रश्न आहेत, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. केंद्र सरकारने २०१८ साली वाशिमला ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले. तांड्याची आकांक्षा मात्र साधी आहे : बारा महिने गावातच काम मिळावे.

भाषेची कथा यापेक्षा वेगळी नाही. गोरबोली ही राजस्थानीशी नाते सांगणारी स्वतंत्र बोली. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ साली तिला स्वतंत्र स्थान मिळाले. २०११ च्या जनगणनेत मात्र ‘लमाणी-लंबाडी’ नोंदवणारे बत्तीस लाखांहून अधिक आणि ‘बंजारी’ नोंदवणारे पंधरा लाखांहून अधिक लोक हिंदीच्या रकान्यात जमा झाले. आठव्या परिशिष्टात तिला जागा नाही. याच समाजाने महाराष्ट्राला वसंतराव आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. वसंतरावांचे गहुली गाव ज्या पुसद तालुक्यात आहे, तो १९०५ पर्यंत वाशिम जिल्ह्यातच होता. तरीही तांड्यावरच्या सहा वर्षांच्या मुलाला शाळेत पहिल्या दिवशी परक्या भाषेतच बसावे लागते. सत्तेत माणूस पोचला म्हणजे समूहाची भाषा सत्तेत पोचते असे नाही, याचा यापेक्षा बोलका दाखला कोणता?

२०२५ साली या प्रश्नाला नवे वळण लागले. हैदराबाद गॅझेटिअरच्या आधारे अनुसूचित जमातींत समावेश व्हावा, अशी मागणी घेऊन बंजारा समाज जिल्ह्याजिल्ह्यांत रस्त्यावर आला. तेलंगण-आंध्रात हाच समाज अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत, अशी ही सीमेबरहुकूम बदलणारी ओळख आहे. मागणीच्या बऱ्यावाईटाची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी. आदिवासी संघटनांचा तिला असलेला विरोधही गांभीर्याने ऐकला पाहिजे. येथे मुद्दा एवढाच की, आपण कोण हे सिद्ध करण्यासाठी या लोकांना पुन्हा परक्या राजवटीच्या कारकुनाचाच कागद शोधावा लागतो. स्वतःचे गाणे पुरावा म्हणून दाखवण्याची सोय नाही.

ती असू शकते, हे इतर देशांत दिसले आहे. कॅनडातील गिटक्सान आणि वेट्सुवेटेन या आदिवासी समूहांनी आपल्या भूमीवरच्या हक्कासाठी दावा केला आणि पुरावा म्हणून परंपरागत कथा आणि गाणी न्यायालयात मांडली. १९९१ साली खालच्या न्यायालयाने त्यांना फारशी किंमत दिली नाही. ११ डिसेंबर १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल बाजूला ठेवला आणि मौखिक इतिहासालाही लेखी दस्तऐवजांच्या बरोबरीचे स्थान देऊन तपासले पाहिजे, असे बजावले. तांड्याची कथा तपासून घ्या, म्हणताना हेच तत्त्व अभिप्रेत आहे.

अमेरिकेतील मेन राज्यातल्या पेनोबस्कॉट लोकांचा अनुभव मात्र सावधगिरी शिकवतो. जोसेफ निकोलर या त्यांच्यातल्याच माणसाने १८९३ साली आपल्या लोकांच्या परंपरा स्वतः लिहून छापल्या. पुढे फ्रँक सीबर्ट या डॉक्टराने अनेक दशके खपून त्या भाषेचा कोश तयार केला. १९९८ साली तो वारला तेव्हा त्याचे कागद फिलाडेल्फियातील एका विद्वत्संस्थेकडे गेले. भाषा ज्यांची, त्यांना आपलेच शब्द दुसऱ्याच्या कपाटातून मागून आणण्याची पाळी आली. संग्रह झाला म्हणजे काम संपले, असे नाही. संग्रहाची मालकी कोणाची, हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारावा लागतो.

समाजवादी चळवळीनेही या बाबतीत आत्मपरीक्षण करणे अगत्याचे आहे. भाकरीचा प्रश्न सुटला की गाण्याचा आपोआप सुटेल, अशी एक भाबडी समजूत चळवळीत दीर्घकाळ होती. परिणामी संस्कृतीचे सारे मैदान मठाधिपतींना आणि निवडणुकीच्या तोंडावर तांडे आठवणाऱ्या पुढाऱ्यांना मोकळे सोडले गेले. त्यांनी आपल्या सोयीची एकच एक कथा बसवली. वस्तुतः मौखिक परंपरेचे सामर्थ्य तिच्या पाठभेदांत असते. एका तांड्यावरची लेंगी दुसऱ्या तांड्यावर बदलते. एका ढाडीची वंशावळ दुसऱ्याला मान्य नसते. हे भेद पुसून एक ‘अधिकृत’ आवृत्ती करणे म्हणजे परंपरेचे रक्षण नव्हे. त्याचबरोबर, परंपरा म्हटली की तिच्यातले सगळेच पूजनीय, असेही नाही. नसाबातून स्त्रियांना वगळणे हीही परंपराच होती. नोंद सर्वांची व्हावी, समर्थन मात्र निवडून व्हावे.

यास्तव काही गोष्टींचा आग्रह धरणे आवश्यक आहे. संग्रहालयाच्या वार्षिक खर्चाचा निश्चित हिस्सा तांड्यांवर जाऊन ध्वनिमुद्रण करण्यासाठी राखून ठेवावा आणि गाणाऱ्याला, मग ती निरक्षर म्हातारी का असेना, तिच्या नावाची नोंद करून तज्ज्ञाचे मानधन द्यावे. तिच्या एका दिवसाची किंमत व्याख्यात्याच्या एका तासापेक्षा कमी नाही. प्रत्येक मुद्रणाची प्रत त्या तांड्याच्या ग्रामपंचायतीत राहावी आणि तांड्याच्या संमतीशिवाय तिचा धंदा होऊ नये. पहिल्या दोन इयत्तांसाठी गोरबोलीतील पूरक वाचनपुस्तक तयार व्हावे. हिस्से बोराळ्याच्या जलाशयाप्रमाणेच तांड्यांचे जुने मार्ग, मुक्कामाच्या जागा आणि विहिरी यांचेही पुरातत्त्वीय सर्वेक्षण व्हावे. त्यात गाण्यांतली स्थळनामे वाटाड्याचे काम करतील. अमरावती विद्यापीठाच्या इतिहास आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हे क्षेत्रकार्य म्हणून देता येईल. आणि ऊसतोड कामगारांच्या मागण्यांत होळीची भरपगारी सुट्टी आणि घरी जाऊन येण्याचा खर्च, ही मागणी संघटनांनी समाविष्ट करावी. ती किरकोळ वाटेल. पण मालकाने कामगाराचा सण मान्य करणे म्हणजे तो कोयत्याला जोडलेला हात नसून माणूस आहे, हे मान्य करणे होय.

यातली कोणतीही गोष्ट सरकारच्या आदेशाची वाट पाहत थांबलेली नाही. मानोरा, मंगरुळपीर, कारंजा या तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांच्या खिशात आज ध्वनिमुद्रण करणारे यंत्र आहे. सभेच्या आधी अर्धा तास तांड्यावर जावे, सर्वांत वृद्ध बाईसमोर बसावे आणि तिची परवानगी घेऊन तिला बोलते करावे. वाशिमचा ताम्रपट दीड हजारांहून अधिक वर्षे थांबला आणि मग बोलला, कारण तांबे थांबू शकते. ऐंशी वर्षांची ढावलो जाणणारी बाई तेवढी थांबणार नाही.